सात पोरींच्या उतारावरचा लोटणारा

बायका उतारावरून गडगडत खाली जात, आणि त्यांना वरून लोटण्याचं काम शिहाताचं होतं. हसू नका. त्याच्या बापाचं हेच काम होतं, आजाचंही हेच, आणि कैरोच्या दक्षिणेला, आमच्या बहनसा गावात, या कामाला मशिदीत बांग देणाऱ्याच्या खालोखाल मान होता. बांग देणारे शेख गाबिर हे मान्य करत नसत. पण त्यांच्या सुनेला शिहातानेच लोटलं होतं आणि तिला जुळं झालं होतं, त्यामुळे त्यांना फार बोलताही येत नसे.

गावाच्या पश्चिमेला शेतं संपून वाळू सुरू होते, तिथे सात पोरींची जागा आहे, काही जुन्या कबरी आणि वाळूचा एक उतार. या पोरी कोण, यावर गावात एकमत नाही. मुसलमान म्हणतात, आमच्या. पुरुषांचे कपडे घालून लढल्या आणि इथेच पडल्या. कॉप्ट ख्रिस्ती म्हणतात, आमच्या, मठात राहायच्या. शुक्रवारी दोघांच्याही बायका येतात आणि एकाच उतारावर, एकाच धुळीत लोळतात, तेव्हा पोरींनी हा वाद काही मनावर घेतलेला दिसत नाही. मूल हवंय, कंबर धरलीय, जावई वळणावर येत नाही, गाऱ्हाणं कसलंही असो, वर जायचं, मनात नवस बोलायचा आणि गडगडत खाली यायचं. सरळ खाली आलात तर पोरींनी ऐकलं. वाटेत तिरके गेलात तर नाही ऐकलं, पुढल्या शुक्रवारी या.

शिहाता म्हणजे भीक मागून आणलेला. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने दारोदार भाकरी मागितली आणि दृष्ट लागू नये म्हणून पोराला हे नाव ठेवलं. तसं त्याच्यात दृष्ट लागण्यासारखं काही नव्हतंच. बुटका, बसक्या नाकाचा, पोट जरा पुढे. पण उतारावर उभा राहिला की त्याचा रुबाब बघावा. बाईमाणसाला हात लावायचा नाही, म्हणून त्याच्याकडे खजुराच्या फांदीचं लांब दांडकं होतं, टोकाला चिंध्या गुंडाळलेलं. सासूने सुनेला चादरीत नीट गुंडाळलं की तो लांबूनच नजरेने माप घेई, 'डावा खांदा मागे घे, हां, आता नवस बोल आणि तोंड मीट' असं म्हणे, आणि कमरेला दांडक्याने हलका रेटा देई. बदल्यात अंडी मिळत, भाकरी मिळे, कंबर एकदम मोकळी झालीच तर बदक.

आता यातली गंमत ऐका. गावभर लोकांना लोळवणारा हा माणूस स्वतः जन्मात कधी लोळला नव्हता. त्याला चक्कर येई. लहानपणी विहिरीच्या रहाटावर बैलामागे बसवलं, तर दुसऱ्या फेऱ्याला त्याने बैलावरच ओकारी केली. पण हे सांगायचं कुणाला? लोटणाराच भोवळून पडतो म्हटल्यावर कोण येणार त्याच्याकडे? म्हणून त्याने एक नियम काढला होता. लोटणाऱ्याने लोळायचं नसतं, आजोबांनी घालून दिलंय, म्हणून सांगायचा. आजोबा वारलेले, विचारणार कोणाला. गावाने हा नियम ऐकला आणि मान डोलावली. एकटी त्याची बायको सत्तूता सोडून.

सत्तूताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. शिहाताला पोर हवं होतं. उघडच सांगतो, इतकं हवं होतं की दुसऱ्यांच्या घरी बाळाच्या सातव्या दिवसाचं जेवण जेवून आला की तो गोठ्यात जाऊन गाढवाशी बोलत बसे. तो सत्तूताला म्हणे, एकदा लोळ, माझ्या हातचा लोट आहे, वाया जायचा नाही. आणि ती दर वेळी एकच सांगे.

'अहो कारभारी, तुम्ही लोळा. मग मी लोळते.'

'अगं, नियम आहे.'

'मग मलाही नियम आहे. माझ्या आजीने घालून दिलाय.'

'कधी घालून दिला?'

'आत्ताच.'

इथेच बोलणं थांबे. शिहाता कांदा फोडून चीजच्या वाडग्यात बुडवत बसे, आणि सत्तूता भांडी जरा जास्तच आवाज करून घाशी.

त्या काळी हिवाळा लागला की गावात खवागा यायचा. खवागा म्हणजे गोरा साहेब. याचं नाव पेलम, इंग्लंडचा, इतका उंच की तंबूत शिरताना त्याला दोन हप्त्यांत वाकावं लागे. त्याला सोनं नको होतं, मूर्ती नको होत्या. त्याला कचरा हवा होता. आमच्या गावाच्या जागी पूर्वी ग्रीक लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचं मोठं शहर होतं. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला कचरा वेशीबाहेर टाकून त्याचे डोंगर केले, आणि आमच्याकडे पाऊस नाही, त्यामुळे तो कचरा जसाच्या तसा. त्यात लव्हाळ्याच्या कागदाची पानं निघत. कुणाचं घरगुती भांडण, कुणाचं लग्नाचं आमंत्रण, आणि मधूनच बायबलचं एखादं पान, जगातल्या जुन्यात जुन्या पानांपैकी. तसं पान निघालं की खवागा टोपी काढून उभा राही. आमची माणसं तोवर तीच माती गाढवांवर लादून कांद्याला खत म्हणून घालत आली होती. येशूची किती वचनं आमच्या कांद्यात गेली, कोण जाणे. कांदे मात्र चांगले येत.

खवागा आमची भाषा पुस्तकातून शिकला होता, आणि ती पुस्तकं फारच जुनी असावीत. पहिल्या वर्षी त्याने मुखियाच्या दारात उभं राहून जाहीर केलं, 'हे ग्रामस्थहो, ज्या कोणा गृही पुरातन पाने असतील, त्यांनी ती मजप्रत आणावी. जितकी पुरातन, तितका मज हर्ष.' आमच्या बोलीतही पान झाडाचं असतं आणि पोथीचंही. दुसऱ्या दिवशी तंबूपुढे बायकांची रांग, आणि प्रत्येकीच्या हातात मिठात मुरवलेल्या द्राक्षाच्या पानांची बरणी. सगळ्यात जुनी बरणी सत्तूताची. खवागाने त्यातलं एक काळं पडलेलं पान काढलं, उजेडात धरलं, भिंगाने पाहिलं.

'यावर लेखन दृष्टीस पडत नाही,' तो म्हणाला.

'लिहायचं नसतं त्यावर,' सत्तूता म्हणाली. 'भात भरायचा असतो.'

आणि तिने तिथेच चूल मांडून त्याला पानात भात भरून खायला घातला. तेव्हापासून खवागा तिच्या हातच्या भरल्या पानांवर असा काही लुब्ध झाला की आठवड्यातून एकदा तरी अंगणात येऊन बसे. त्यामुळे त्याच्या मनातलं मुखियाच्याही आधी सत्तूताला कळे.

असाच एका बुधवारी तो जेवून गेला, आणि सत्तूताने नवऱ्याला बातमी दिली. 'मोठा ढिगारा संपला म्हणे. आता शनिवारपासून सात पोरींचा उतार खणणार.'

शिहाताचा घास हातातच राहिला. 'उतार कशाला?'

'तोही कचराच आहे. वर वाळू बसलीय एवढंच. आत बायबलची पानं असतील म्हणतो. कैरोचा परवाना आहे, मुखियानेही हो म्हटलंय.'

'मुखिया हो म्हणाला? त्याच्या बायकोला मी लोटलंय.'

'म्हणूनच तर. घर भरलंय पोरांनी. त्याला आता उतार नकोच आहे.'

शिहाताच्या तोंडचं पाणी पळालं. काम जाईल हे तर झालंच. पण त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. उतार गेला तर सत्तूता कुठे लोळणार? इतकी वर्षं तो मनाशी म्हणत आला होता, आज ना उद्या ऐकेल ती. आता उद्याच उरला नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे न बघता चुलीतली राख ओढत होती, आणि राख संपली तरी ओढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तंबूवर गेला. 'साहेब, उतार खणू नका.'

'हे सज्जना, कारण निवेदन कर,' खवागा म्हणाला. माणूस सरळ होता, उगाच दमदाटी करणारा नव्हता. पण शिहाताला कारण सुचेना. माझी बायको लोळायची राहिलीय, हे कारण साहेबापुढे कसं मांडायचं? मग त्याच्या डोक्यात एक चावटपणा आला.

'पोरींची परवानगी लागते,' तो म्हणाला. 'कैरोचा कागद त्यांना वाचता येत नाही. ज्याला खणायचं त्याने आधी लोळायचं. सरळ खाली गेलात, तर खुशाल खणा. तिरके गेलात, तर त्यांची मनाई.'

खवागाने थोडा विचार केला. 'हे न्याय्य भासते,' तो म्हणाला.

आता शिहाताला एक विद्या ठाऊक होती. लोळणाऱ्याचा एक खांदा अंगठाभर पुढे ठेवून लोटलं, की तो मध्यावर जाऊन हमखास तिरका फिरतो. ही विद्या त्याने आजवर एकाच माणसावर वापरली होती, सासूबाईंवर, कारण त्या जावई वळणावर यावा म्हणून नवस बोलल्या होत्या. घरी परत येताना त्याला थोडी लाज वाटली. पण थोडीच.

शुक्रवारी नमाज झाला आणि अख्खा गाव उताराशी जमला. शेख गाबिर आले, कॉप्ट पाद्री अबूना मिताऊस आले, मुखिया खुर्ची घेऊनच आला. खवागाने कोट काढला, चष्मा सत्तूताकडे दिला, तिने तो गळ्याशी खोचला. मग तो वर चढून आडवा झाला, आणि अर्धा गाव हसला, कारण त्याचे पाय चादरीच्या बाहेर येऊन शेजारच्या कबरीला टेकले होते. शिहाताने खांदा बरोब्बर अंगठाभर पुढे घ्यायला लावला. 'नवस बोला, तोंड मिटा,' म्हणाला आणि दिला रेटा.

खवागा सुटला तो सरळ. ओळंबा लावल्यासारखा सरळ. आमच्या बापजाद्यांनीही इतका सरळ गडगडलेला माणूस पाहिला नव्हता. पठ्ठ्या इतका लांब होता की खांदा वळलाय हे पायांना कळेपर्यंत तो खाली पोचला होता. लोकांना आपण कोणाच्या बाजूचे हेच आठवेना. बायका जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या देऊ लागल्या, शेख गाबिर 'माशाल्ला' म्हणाले, आणि ज्या बायका सकाळी खवागाला शिव्या घालत होत्या त्याच त्याची धूळ झाडायला धावल्या.

खवागा उठला, पडला, पुन्हा उठला. 'अनुज्ञा प्राप्त झाली काय?' त्याने एका खजुराच्या झाडाला विचारलं.

सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत झालेलं, खोटं बोलणार कोण? मुखिया खुर्चीतून म्हणाला, 'झाली. उद्या सकाळी फावडी घेऊन यायचं.'

वर शिहाता दांडकं धरून तसाच उभा होता. त्याच्या पायाखालची वाळू सरकली असं म्हणायचं तर वाळू उद्यापासून खरंच सरकणार होती. तेवढ्यात सत्तूता चढून वर आली.

'चला कारभारी. आजचाच दिवस आहे.'

'तू नीज,' तो घाईने म्हणाला. 'मी लोटतो. अगदी सरळ लोटतो.'

'आधी तुम्ही.'

'सत्तूता, नियम...'

'खवागाने लोळायचा नियम काल तंबूत जन्मला. हा तरी कुठे म्हातारा आहे? सांगू का सगळ्यांना, तुम्ही का लोळत नाही ते?'

'नको.'

'यांना चक्कर येते,' सत्तूताने गावाला सांगितलं.

शेख गाबिर हळूच म्हणाले, 'म्हणजे आमच्या सुनेला लोटलं तो माणूस...' आणि सुनेकडे बघू लागले.

शिहाताची मान खाली गेली. सत्तूता जवळ आली, आणि आता तिचा आवाज फक्त त्याच्यापुरता होता. 'दर शुक्रवारी कोणी ना कोणी विचारतं, उतार तुझ्या दारात, तू का लोळत नाहीस? मी एकटीने लोळायचं म्हणजे दोष माझ्या एकटीचाच, हे मी सगळ्या गावापुढे कबूल करायचं. तुम्ही वर दांडकं धरून उभे आणि मी खाली धुळीत. नाही जमायचं मला. पोर दोघांचं, तर धूळही दोघांची.'

इतकी वर्षं त्याला वाटत होतं, बायको हट्टी आहे. ती दुखावलेली आहे, हे त्याच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने दांडकं तिच्या हातात दिलं आणि तो आडवा झाला.

'हलकेच हं,' तो म्हणाला.

'तोंड मिटा,' ती म्हणाली.

पुढे जे झालं त्याला लोळणं म्हणायचं की काय, यावर गावात अजून वाद आहे. पहिल्याच वळशाला त्याचं पोट एकीकडे गेलं आणि पाय दुसरीकडे. तो तिरका झाला, मग आडवा, मग मध्येच उलटा. मुखियाची खुर्ची त्याने मुखियासकट पाडली, जमलेल्या बायका बाजूला पळाल्या, आणि उताराची कड सोडून तो शेजारच्या ढिगाऱ्यावरून गडगडत गेला तो खवागाच्या जुन्या चरात, धाडकन समोरच्या भिंतीवर. चराची भिंत ढासळली आणि शिहाता दिसेनासा झाला.

सत्तूताने एक क्षणही वाट पाहिली नाही. दांडकं टाकलं, आडवी झाली, स्वतःच स्वतःला रेटा दिला. ती सरळ चालली होती, अगदी सुरेख सरळ. अर्ध्यावर तिने मुद्दाम कोपर रोवलं आणि नवरा गेला त्या बाजूला वळली. चरात ती पडली ती त्याच्याच पोटावर.

लोक धावत आले तेव्हा शिहाता एका अंगाला ओकत होता आणि सत्तूता त्याची पाठ चोळत होती. ढासळलेल्या मातीतून मात्र, दोघांच्या अंगावर, तपकिरी पानं घरंगळत होती. एक, मग दुसरं, मग गठ्ठाच. खवागा कडेवर गुडघ्यांवर बसला. चष्मा सत्तूताच्या गळ्याशी अडकलेला, त्याला काही दिसेना, आणि बाईच्या गळ्याशी हात घालायची त्याची शामत नव्हती. मग अबूना मिताऊस खाली उतरले. ग्रीक त्यांना समजत नसे, पण कॉप्टांची अक्षरं जवळजवळ तीच. त्यांनी एक पान उचललं, आणि दोन अक्षरांवर, ज्यांच्या डोक्यावर आडवी रेघ होती, बोट ठेवलं.

'हे नाव आमच्याही पोथीत असंच दोन अक्षरांत लिहितात,' ते म्हणाले. 'येशू.' आणि त्यांनी पान कपाळाला लावलं.

खवागाने टोपी काढायला डोक्याला हात नेला. टोपी नव्हतीच, ती उतारावर राहिली होती. तरी त्याने काढल्यासारखं केलं. मग तो आपली सगळी पोथीभाषा विसरून इंग्रजीत काहीबाही ओरडत चरात उतरला, शिहाताच्या पायावरून, सत्तूताच्या खांद्यावरून, आणि पानांपाशी जाऊन बसला. पानांचा थर त्या बाजूने पुढे गेला होता, उताराच्या अगदी उलट दिशेला. शनिवारी फावडी तिथे लागली, आणि तो हंगाम तिथेच गेला, पुढचाही. उताराचं नाव मग कोणी काढलं नाही.

त्या वेळी चरात त्या दोघांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शिहाताने तोंड पुसलं. 'सरळ आलो का?'

'छे. गाव हिंडून आलात.'

'मग पोरींनी नाही ऐकलं.'

'पोरींचं राहू द्या,' सत्तूता त्याच्या केसांतली माती काढत म्हणाली. 'मी बघितलं ना.'

पुढच्या कापूसवेचणीच्या दिवसांत सत्तूता बाळंत झाली. शेख गाबिर म्हणाले, नवसाचं फळ. अबूना म्हणाले, त्या पानाचा आशीर्वाद. मुखिया म्हणाला, माझी खुर्ची मोडली ती उगाच नाही. सकाळच्या वेळी दाई दार उघडून बाहेर आली आणि गल्लीत उभ्या असलेल्या शिहाताला म्हणाली, 'मुलगी. दोघी खुशाल आहेत.'

शिहाता होता तिथेच खाली बसला, मग आडवा झाला, हात छातीशी घेतले आणि गल्लीतून लोळत सुटला. गल्ली सपाट, लोटायला कोणी नाही, तरी लोळत राहिला. शेजारणीच्या कोंबड्या फडफडत उडाल्या.

'बाहेर कसला गोंधळ आहे?' आतून सत्तूताने विचारलं.

दाई दारातून बघत होती. 'तुझा नवरा लोळतोय.'

'सरळ की तिरका?'

'तिरका. पार कोंबड्यांच्या खुराड्यात गेला.'

'मग तोच आहे,' सत्तूता म्हणाली, आणि लेकीला दाराच्या दिशेने वळवून धरलं.